घरबसल्या महाविद्यालय : सुगमता आणि आधार

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



गेल्या पन्नास वर्षांत न्यासाकडे शिक्षणसाहाय्यासाठी आलेल्या अर्जांत प्रामुख्याने तीनच मागण्या असत : शुल्क, पुस्तके आणि परगावी राहण्याची सोय. समाजातील दानशूरांनी या तिन्ही मागण्या यथाशक्ती पुरवल्या. आता मात्र काळाने एक निराळेच महाविद्यालय उभे केले आहे. त्याला इमारत नाही, घंटा नाही आणि वसतिगृहही नाही. ते मोबाइलच्या पडद्यावर भरते. विद्यार्थ्याने महाविद्यालयाकडे जाण्याऐवजी महाविद्यालयच त्याच्या घरी येते. अशा महाविद्यालयाचे अभ्यासक्रम कसे रचावेत, म्हणजे ते सर्वांना वापरता येतील आणि मध्येच सोडून द्यावे लागणार नाहीत, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. शिक्षणतज्ज्ञांचा हा विषय व्यापारी समाजापुढे कशासाठी, असा प्रश्न कोणास पडल्यास तो रास्त आहे. त्याचे उत्तर विवेचनाच्या ओघात येईल.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली संपूर्ण पदवी ऑनलाइन देण्यासाठी नियम केले आणि २०२० साली दूरशिक्षण व ऑनलाइन शिक्षण या दोहोंची एकत्रित नियमावली आणली. मान्यताप्राप्त संस्थेने अशा मार्गाने दिलेली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, असा खुलासाही आयोगाने २०२२ साली केला. (विवाहेच्छूंच्या परिचय-मेळाव्यात ‘ऑनलाइन बी.कॉम.’ हे शब्द अजूनही थोडे दबक्या आवाजात उच्चारले जातात. त्याची गरज उरलेली नाही.) केंद्र शासनाचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. त्यातील अभ्यासक्रमाला चार अंगे असतात : चित्रित व्याख्यान, उतरवून घेता येईल असे वाचनसाहित्य, स्वतःच स्वतःची परीक्षा घेण्याच्या चाचण्या आणि शंका विचारण्यासाठी चर्चेची जागा. शिकण्यासाठी शुल्क नाही. प्रमाणपत्रासाठी परीक्षा द्यायची असेल तर तिचे शुल्क भरावे लागते. आराखडा उत्तम आहे. दारही उघडे आहे. मग आत गेलेले शेवटपर्यंत का पोहोचत नाहीत?

अमेरिकेतील हार्वर्ड आणि एम.आय.टी. या दोन नामवंत विद्यापीठांच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची आकडेवारी जस्टिन राइश आणि होसे रुईपेरेझ-वालिएन्ते या दोन अभ्यासकांनी २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी केवळ ३.१३ टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता. निम्म्याहून अधिक नोंदणी करणाऱ्यांनी तर नंतर अभ्यासक्रमाचे पान एकदाही उघडले नाही. हा आकडा ऐकून दचकण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे, की दुकानात येणारा प्रत्येक गिऱ्हाईक कापड फाडून घेण्यासाठी येत नाही. कित्येक जण केवळ हात लावून, भाव विचारून जातात आणि त्यात काही वावगे नाही. परंतु याच अभ्यासात ज्यांनी पैसे भरून, ओळख पटवून, पूर्ण करण्याच्याच उद्देशाने प्रवेश घेतला होता, त्यांच्यापैकीही त्या वर्षी ४६ टक्केच तडीस गेले. पैसे मोजून घेतलेला माल निम्म्याहून अधिक गिऱ्हाइकांनी अर्धवट टाकून दिला, तर दोष गिऱ्हाइकाचा की मालाचा, हा विचार कोणताही व्यापारी करील.

शिक्षणाच्या क्षेत्रात मात्र हा विचार क्वचितच होतो. शिक्षण सोडणारा विद्यार्थी भांडत नाही, तक्रार करीत नाही. ‘मला झेपले नाही’ एवढेच म्हणतो आणि ते खरे मानून आयुष्य काढतो. जैन घरांत तर याला ज्ञानावरणीय कर्माचा उदय म्हणून शांतपणे स्वीकारण्याची वृत्ती आहे. कर्मसिद्धांताविषयी पूर्ण आदर बाळगून असे म्हणावेसे वाटते, की पुष्कळदा ते आवरण कर्माचे नसून कोणीतरी निष्काळजीपणे तयार केलेल्या फाइलीचे असते. आणि दुसऱ्याच्या ज्ञानप्राप्तीत अडथळा आणणे हे स्वतः ज्ञानावरणीय कर्म बांधण्याच्या कारणांपैकी एक आहे, हे आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राचा सहावा अध्याय वाचलेल्यांस सांगावयास नको.

फाइल कशी आवरण ठरते, ते पाहण्यासारखे आहे. दृष्टिहीन विद्यार्थी संगणक वापरतो तो कानांनी. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला स्क्रीन रीडर म्हणतात. पूर्वी अशा प्रणाली फार महाग होत्या. २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने एनव्हीडीए नावाची प्रणाली लिहावयास घेतली. जेम्स टेह हे दुसरे दृष्टिहीन संगणकतज्ज्ञ त्यांना येऊन मिळाले. ती आजही जगभर विनामूल्य मिळते. म्हणजे साधन आहे, विद्यार्थ्याची तयारी आहे. पण प्राध्यापकांनी पाठवलेली टिपणे म्हणजे वहीच्या पानांची छायाचित्रे असतील, तर त्या प्रणालीच्या दृष्टीने ते कोरे पान होय. त्यात वाचण्यासारखे अक्षरच नसते.

मराठीची अडचण याहून अधिक आहे. संगणकावर देवनागरीसाठी युनिकोड ही सर्वमान्य संकेतपद्धती १९९१ पासून उपलब्ध आहे. तरीही मराठी छपाईच्या व्यवसायात अनेक वर्षे असे जुने फाँट वापरले गेले, ज्यांत पडद्यावर डोळ्यांना ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या पोटात तेथे एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असते. डोळस वाचकाला त्याचा पत्ता लागत नाही. स्क्रीन रीडर मात्र पोटातले वाचतो. अर्थशास्त्राचा सुंदर मराठी पाठ त्याच्या तोंडून निरर्थक इंग्रजी अक्षरांच्या बडबडीसारखा बाहेर पडतो. अशा मजकुरात शब्द शोधता येत नाही आणि त्याचे अक्षर वाढवून दुसऱ्या रचनेत वाचण्याची सोयही धड चालत नाही. तोच पाठ युनिकोडमध्ये असता, तर काहीही अधिक खर्च न करता त्या विद्यार्थ्याला तो ऐकता आला असता. शिक्षणसंस्थांनी मराठी साहित्य युनिकोडमध्येच स्वीकारावे, एवढा एक नियम केला तरी मोठे काम होईल. (समाजाच्या स्मरणिका आणि पंचांगेही याला अपवाद नसावीत, हे ओघाने आले.)

इंटरनेटवरील पाने सर्वांना वापरता यावीत यासाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९९ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि वेळोवेळी ती सुधारली. त्यातील पुष्कळ भाग तंत्रज्ञांसाठी आहे; परंतु काही गोष्टी कापडाच्या पेढीवर बसणाऱ्यालाही सहज पटाव्यात. फिकट राखाडी जमिनीवर पांढरी अक्षरे छापू नयेत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ एवढे अंतर असावे, असे ती तत्त्वे सांगतात. केवळ रंगावर अर्थ सोडू नये. वाणिज्य शाखेच्या पाठात नफ्याची रेघ हिरवी आणि तोट्याची लाल दाखवलेली असते. लाल-हिरव्यातील भेद न ओळखणारे पुरुष समाजात थोडेथोडके नाहीत. पिढ्यान्पिढ्या काउंटरवर बसलेल्यांनी बाटली-हिरवा आणि मरून यांत गोंधळणारी माणसे पाहिलेली आहेत. एक रेघ सलग, दुसरी तुटक काढली आणि शेजारी नाव लिहिले, की प्रश्न मिटला.

व्याख्यानाच्या चित्रफितीखाली शब्द उमटणे, म्हणजे कॅप्शन असणे, हे कर्णबधिर विद्यार्थ्यासाठी आवश्यक आहे, हे उघड आहे. त्याचा लाभ किती दूरवर जातो ते पाहावे. शेजारी बाळ झोपले आहे म्हणून आवाज बंद करून पाहणारी आई, बाजाराच्या गोंगाटात बसलेला नोकर, इंग्रजी ऐकून समजत नाही पण वाचून समजते असा खेड्यातील मुलगा, या सर्वांना ते शब्द उपयोगी पडतात. यंत्राकडून आपोआप शब्द उमटवून घेता येतात हे खरे. पण पारिभाषिक शब्द, विशेषनामे आणि मराठी-इंग्रजीची सरमिसळ आली की यंत्र गडबडते. जैन तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात ‘पुद्गल’ आणि ‘निर्जरा’ यांचे यंत्र काय करील, याची कल्पना करता येते. ते माणसाने तपासावेच लागते आणि एका तासाच्या व्याख्यानाला त्यापायी कित्येक तास जातात.

हे तास आधी दिले नाहीत तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतच घडले. २०१५ साली तेथील कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने हार्वर्ड आणि एम.आय.टी. यांच्यावर दावे लावले; विनामूल्य व्याख्याने जगाला खुली केलीत, पण कॅप्शन नसल्याने ती बधिरांना बंदच आहेत, असे तिचे म्हणणे होते. हार्वर्डचा दावा २०१९ साली आणि एम.आय.टी.चा २०२० साली तडजोडीने मिटला आणि दोघांनी कॅप्शन देण्याचे मान्य केले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेबाबत निराळे घडले. तेथील व्याख्यानांविषयी तक्रार गेली. २०१६ साली अमेरिकेच्या न्याय विभागाने त्रुटी दाखवणारे पत्र दिले. विद्यापीठाने खर्चाचा हिशेब केला आणि २०१७ साली वीस हजारांहून अधिक दृक्‌श्राव्य व्याख्याने जनतेसाठी बंद करून टाकली. बधिरांना ती मिळाली नाहीत आणि ज्यांना मिळत होती त्यांचीही गेली. पुढे २०२२ साली न्याय विभागाशी करार होऊन विद्यापीठाने ऑनलाइन साहित्य सुगम करण्याचे मान्य केले. या प्रकरणात तक्रारदारांना दोष देणारे पुष्कळ निघाले. परंतु तक्रारदारांनी दारच मागितले होते. भिंत घालून झाल्यावर दार पाडण्याचा खर्च जड गेला, तो बांधणाऱ्याच्या घाईमुळे.

शिंपी कापड बेतताना शिवणीत माया सोडतो. मूल वाढले, अंग भरले, तर शिवण उसवून कपडा सैल करता येतो. माया न सोडता शिवलेल्या कपड्याला पुढे ठिगळच लावावे लागते आणि ठिगळ कितीही चांगले असले तरी दिसते. अभ्यासक्रमाचे तसेच आहे. पाठ लिहितानाच युनिकोड वापरणे, चित्राखाली त्याचे वर्णन देणे, व्याख्यान आधी लिहून मग बोलणे, म्हणजे कॅप्शन तयारच असते, ही सगळी बेततानाची माया होय. तिला फारसे कापड लागत नाही. ‘आमच्या वर्गात कोणी अंध नाही, मग हे कशाला?’ असे विचारणाऱ्या शिक्षकाला शिंप्याचे उत्तर पुरेसे आहे : मूल वाढणार आहे हे आज दिसत नसले तरी वाढणारच असते. वर्गातील कोणाचा तरी हात मोडेल, कोणाची तरी दृष्टी अधू होईल, कोणी तरी चाळिशीत पुन्हा शिकायला येईल.

बालकापासून वृद्धापर्यंत कोणीही ऐकू शकेल आणि प्रत्येकाला आपापल्या भाषेत समजेल, अशी व्यवस्था समवसरणात कल्पिलेली आहे. देव, मनुष्य आणि तिर्यंच एकाच दिव्यध्वनीचा अर्थ आपापल्या परीने ग्रहण करीत. श्रोत्याने वक्त्याच्या भाषेशी झुंजावे असे तेथे नाही. तीर्थंकरांच्या सभेचे माप मनुष्याच्या संस्थेला लावता येत नाही हे खरे. तथापि ज्या परंपरेने सभेची अशी कल्पना केली, तिच्या अनुयायांना सुगमता हा पाश्चात्य शोध वाटण्याचे कारण नाही.

सुगम याचा अर्थ नेहमी यंत्र असाच नव्हे. साध्वीजींचे उदाहरण घ्यावे. अनेक संघांत साधू-साध्वी विजेवर चालणारी उपकरणे हाताळत नाहीत. तरीही कित्येक साध्वींनी पदव्युत्तर अभ्यास केला आहे. लाडनूं येथील जैन विश्वभारती संस्थेने, जिला १९९१ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, दूरशिक्षणाने जैनविद्येचे अभ्यासक्रम चालवले. अशा विद्यार्थिनीला सर्वांत सुगम माध्यम म्हणजे छापील पाठ आणि हाताने लिहिलेले उत्तर. पडद्यावरच्या चित्रफितीशिवाय दुसरे काहीच न देणारा अभ्यासक्रम तिला दृष्टिहीन विद्यार्थ्याइतकाच बंद आहे. एकच आशय दोन-तीन वाटांनी पोहोचवावा, हे तत्त्व यातून स्पष्ट होते. ज्याच्या गावात इंटरनेट मंद आहे, त्यालाही तोच छापील पाठ उपयोगी पडतो.

येथवर दाराचा विचार झाला. परंतु केवळ दार उघडे ठेवल्याने शिक्षण पुरे होत असते, तर कर्मवीर भाऊराव पाटलांना वसतिगृह काढण्याची गरज पडली नसती. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीरांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह सुरू केले. साताऱ्यातील महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले ते १९४० साली. शाळा साताऱ्यात आधीपासून होत्याच. खेड्यातील मुलाला नव्हते ते राहण्याचे ठिकाण, दोन वेळचे अन्न आणि तो अभ्यासाला बसला की नाही हे पाहणारे कोणी. लक्ष्मीबाईंनी त्यासाठी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले, हे सर्वश्रुत आहे. मुंबईत १९१५ साली आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजींच्या प्रेरणेने निघालेले श्री महावीर जैन विद्यालय हेही नावाने विद्यालय असले तरी कामाने वसतिगृहच होते. जैन समाजाच्या शैक्षणिक इतिहासात बोर्डिंगला जे स्थान आहे, ते याच कारणाने.

ऑनलाइन महाविद्यालयाने वर्ग घरी आणला, पण बोर्डिंग मागेच राहिले. वसतिगृहाच्या गृहपतींचे खरे काम कोणते होते? एखादा मुलगा दोन दिवस पंगतीला दिसला नाही, की ते त्याच्या खोलीत जात. त्याने बोलावण्याची वाट पाहत नसत. ज्याला मदतीची सर्वांत अधिक गरज असते तोच ती मागत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. बहुतेक ऑनलाइन अभ्यासक्रमांत याच्या उलट असते. तेथे शंका विचारण्याची जागा आहे, दूरध्वनी क्रमांक आहे, पत्ता आहे. विद्यार्थ्याने विचारले तर उत्तर मिळेल. न विचारणाऱ्याकडे कोणाचे लक्ष नाही.

ज्यांनी दूरशिक्षण यशस्वी केले, त्यांनी हे ओळखले होते. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला १९६९ साली सनद मिळाली आणि १९७१ साली सुमारे पंचवीस हजार विद्यार्थ्यांनिशी तेथे अध्यापन सुरू झाले. प्रवेशासाठी पूर्वीच्या परीक्षेची अट नव्हती. बी.बी.सी.वरील व्याख्यानांमुळे ते जगभर गाजले. पण विद्यार्थी टिकले ते केवळ दूरचित्रवाणीमुळे नव्हेत. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक शिक्षक नेमलेला असे. पोस्टाने आलेला स्वाध्याय तपासून तो त्यावर सविस्तर अभिप्राय लिहून परत पाठवी. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना प्रयोगाचे साहित्यही पेटीत घालून घरी पाठवले जाई. स्वीडिश अभ्यासक बोर्ये होल्मबर्ग यांनी तर असा आग्रह धरला, की दूरशिक्षणाचा छापील पाठ हा शिक्षकाने समोर बसवून केलेल्या संभाषणासारखा लिहिलेला असावा. हीच परंपरा पुढे १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने आणि १९८९ साली नाशिक येथे डॉ. राम ताकवले यांच्या कुलगुरुत्वाखाली सुरू झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने या देशाच्या परिस्थितीत रुजवली. गावोगावची अभ्यासकेंद्रे आणि तेथील समंत्रक हे त्या पद्धतीचे हातपाय होते.

२०२० सालच्या टाळेबंदीत सर्वच महाविद्यालयांना एकाएकी पडद्यावर जावे लागले. त्या आणीबाणीत शिक्षकांनी जे केले त्याबद्दल कृतज्ञताच असावी. तथापि त्यामुळे एक गैरसमज रूढ झाला, की फळ्यासमोरचे तासाभराचे भाषण कॅमेऱ्यासमोर केले म्हणजे ऑनलाइन शिक्षण होते. घरी एकच मोबाइल, त्यावर तिघे भावंडे, एका खोलीचे घर, त्यात ‘कॅमेरा सुरू ठेवा’ असा हुकूम. ज्याच्या पाठीमागे पापुद्रे सुटलेली भिंत दिसते, तो मुलगा त्या तासाला ऐकतो की लपतो?

चांगल्या अभ्यासक्रमाची रचना शिकणाऱ्याचा दिवस पाहून होते. समाजातीलच एक नेहमीचे चित्र पाहावे. विवाहानंतर पदवी अपुरी राहिलेली सून घरातील सर्वांचे आवरून शिकू इच्छिते. विद्यापीठाने थेट व्याख्यान सायंकाळी सहाला ठेवले आहे. ती वेळ चौविहाराची. सूर्यास्तापूर्वी घराचे जेवण उरकायचे आणि त्यानंतर प्रतिक्रमण. वेळापत्रक करणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते. त्याला एवढेच सुचले नाही, की व्याख्यान मुद्रित करून ठेवले आणि उपस्थितीऐवजी आठवडाअखेरीस चार ओळींचे उत्तर मागितले, तर तीही वर्गात राहील. स्वाध्यायाची अंतिम तारीख संवत्सरीला किंवा अनंत चतुर्दशीला आली, तर अट्ठाई करणाऱ्या मुलीने काय करावे? प्रत्येक सत्रात दोन स्वाध्याय चार-पाच दिवस उशिरा देण्याची मुभा, कारण न विचारता, सर्वांनाच असावी. कारण विचारले की प्रमाणपत्र आले, प्रमाणपत्र आले की संकोच आला, आणि संकोची माणूस मुभा घेण्याऐवजी अभ्यास सोडतो. येथेही तीच माया.

रचनेच्या बाबी तशा साध्या आहेत. सर्व तारखा पहिल्याच दिवशी एका पानावर मिळाव्यात. प्रत्येक आठवड्याची मांडणी सारखी असावी. पाठ एका ठिकाणी, स्वाध्याय दुसऱ्या आणि सूचना तिसऱ्याच गटात, असा शोध घ्यायला लावू नये. चित्रफिती दहा-बारा मिनिटांच्या असाव्यात आणि सोबत लिखित मजकूर असावा. पहिल्याच आठवड्यात एक छोटे काम द्यावे, जे कोणालाही जमेल, आणि त्यावर माणसाने लिहिलेल्या दोन ओळी आठ दिवसांच्या आत परत जाव्यात. आणि दुसऱ्या आठवड्यात, ज्याने ते छोटे कामही केलेले नाही, त्याला कोणीतरी दूरध्वनी करावा. रागावण्यासाठी नव्हे. ‘कुठे अडले?’ एवढे विचारण्यासाठी. बहुधा उत्तर अगदी किरकोळ निघते : संकेतशब्द विसरला, पुस्तक आले नाही, घरात आजारपण होते. अशा किरकोळ कारणांनीच वर्षे वाया गेलेली आहेत.

परीक्षेविषयी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. लेखनिकाची गरज असलेल्या दिव्यांग विद्यार्थ्यांना दर तासामागे किमान २० मिनिटे अधिक द्यावीत, असे केंद्र शासनाच्या २०१८ सालच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. मोठ्या परीक्षांत हे पाळले जाते. पण ऑनलाइन अभ्यासक्रमातील दर आठवड्याच्या चाचणीला लावलेले घड्याळ सर्वांसाठी सारखेच पळते, कारण विद्यार्थीनिहाय वेळ वाढवण्याची कळ कोठे आहे, हे शिक्षकाला कोणी दाखवलेले नसते. कॅमेऱ्याने पाळत ठेवणाऱ्या परीक्षांत तर नजर स्थिर नाही म्हणून दृष्टिहीनावरच संशयाची खूण पडण्याचा धोका असतो.

कायदा विद्यार्थ्याच्या बाजूने आहे. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांचा सुगम वापर हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचा निर्णय दिला. परंतु हक्क मागण्यासाठी न्यायालयात जाणारा विद्यार्थी विरळा. बाकीच्यांना शेजारचा माणूसच लागतो.

हा शेजारचा माणूस विद्यापीठ पुरवू शकत नाही. ते दूर आहे. न्यास जवळ आहे. व्यापारी समाजापुढे हा विषय मांडण्याचे कारण हेच होय. चतुर्विध दानात ज्ञानदानाचा समावेश आहे आणि दाते त्याचा अर्थ आजवर शुल्क भरणे असा करीत आले. ऑनलाइन अभ्यासक्रमात शुल्काचा अडसर पूर्वीइतका मोठा राहिलेला नाही; अडते ते अन्यत्र. न्यासाच्या सभागृहालगतची खोली दुपारी रिकामी असते. तेथे इंटरनेट, दोन संगणक, छपाईयंत्र आणि शांतता एवढे मिळाले, तर एका खोलीच्या घरातील मुलाला अभ्यासाची जागा मिळेल. समाजात निवृत्त शिक्षक, बँकेतील निवृत्त अधिकारी, पदवीधर गृहिणी आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकाने चार विद्यार्थी वाटून घेतले आणि पंधरवड्यातून एकदा त्यांना दूरध्वनी केला, तर गृहपतींचे काम पुन्हा सुरू होईल. दृष्टिहीन विद्यार्थ्याला पाठ वाचून ध्वनिमुद्रित करून देणे हे तर आजी-आजोबांनाही जमणारे काम आहे. ज्यांचा रोजचा स्वाध्याय आहे, त्यांचे उच्चार स्वच्छ असतात. यास निधीची फारशी आवश्यकता नाही. नियमितपणा मात्र हवा. पंधरा दिवसांनी येतो म्हटलेला दूरध्वनी तीन महिने आला नाही, तर तो न केलेलाच बरा.

शिष्यवृत्तीच्या अर्जात गुण, उत्पन्न आणि शिफारस यांचे रकाने आहेत. येत्या जूनच्या अर्जात आणखी दोन रकाने वाढवता येतील : ‘अभ्यास कशावर करता : स्वतःचा मोबाइल, घरचा सामायिक मोबाइल, संगणक की छापील पुस्तक?’ आणि ‘दूरध्वनी कोणत्या वेळी करावा?’ अर्ज नव्यानेच छापायचे असल्याने त्याला वेगळा खर्च येणार नाही.